जयंतीच्या केकवरची निळी नक्षी

१३ एप्रिलच्या रात्री बाराच्या ठोक्याला केक कापून बाबासाहेबांची जयंती सुरू करण्याची रीत आपल्या अनेक वस्त्यांत रुजली आहे. आम्ही महिला मंडळाच्या भगिनी हा केक विकत आणत नाही. घरीच करतो आणि वरची नक्षीही आम्हीच काढतो.

पाव किलो लोण्याला अर्धा किलो पिठीसाखर, एवढेच त्याचे क्रीम. पण एप्रिलची उष्णता आणि लोणी यांचे पटत नाही. पस्तीस अंशांच्या आत लोणी वितळते आणि त्याच्या कितीतरी आधी फुलांच्या पाकळ्या बसतात. म्हणून रात्री दहाशिवाय आम्ही कोन हातात धरत नाही. कोन अर्धाच भरायचा. एक हातात, दुसरा गार पाण्याच्या पातेल्यावर. मेंदी काढणाऱ्या मुलींचा हात यात लगेच बसतो. सराव ताटाच्या पाठीवर करावा, क्रीम खरवडून पुन्हा कोनात भरता येते.

खरी कसोटी निळ्याची. पिवळ्या लोण्यात निळा रंग घातला की तो हिरवट होतो, आणि हिरवट निळा जयंतीला कोणाला चालेल? त्यासाठी बिनमिठाचे पांढरे लोणी घ्यावे, भरपूर फेटावे आणि अगदी टिचभर जांभळा घालावा. रंग दुपारीच कालवून ठेवावा, तो मुरून गडद होतो. घरचे लोणी मात्र नको, त्यातल्या पाण्याने क्रीम फुटते.

पोरांचा हट्ट असतो की केकवर बाबासाहेबांचा चेहराच हवा. आम्ही ठाम नकार देतो. ज्या प्रतिमेपुढे मेणबत्ती लावून हात जोडायचे, तिच्यावर सुरी कशी फिरवायची? आमच्या एका आजींनी पोरांना विचारले, "डोळ्याचा तुकडा कोणाच्या बशीत वाढाल रे?" पोरे गप्प झाली. काही भगिनींना हे जरा अतीच वाटते. प्रेमानेच काढतो ना, असे त्या म्हणतात. असेलही, पण आमच्याने सुरी चालत नाही. पंचशील ध्वजही आम्ही काढत नाही.

आम्ही कमळ काढतो, तारीख लिहितो आणि कडेने पिंपळपाने. पानाला वेगळी नळी लागत नाही. कागदी कोनाचे टोक चपटे दाबून दोन्ही बाजूंनी तिरपे कापले की मधल्या शिरेसकट पान उमटते. शेवटी दाब सोडून हात हलकेच ओढावा, म्हणजे पिंपळाचे ते लांब शेपूट येते.