आवराआवर

परदेशात हिंडणाऱ्या मराठी माणसाची खरी परीक्षा म्युझियममध्ये होत नाही, दुपारी साडेबारा वाजता होते. त्या वेळी त्याच्या पोटात जो गजर होतो, तो कुठल्याच देशाच्या घड्याळाला दाद देत नाही. समोर राजवाडा असो नाहीतर कॅथीड्रल असो, त्याचा प्रश्न एकच, "जेवायचं काय?" आणि स्पेनमध्ये दुपारी साडेबाराला या प्रश्नाला उत्तर नाही.

निदान त्रुहियोत तरी नाही. त्रुहियो म्हणजे माद्रिदच्या नैऋत्येला २५० किलोमीटरवरचं, एस्त्रेमादुरा भागातलं, जेमतेम ९,००० वस्तीचं गाव. टेकडीवर किल्ला, खाली फरसबंद चौक, मनोऱ्यामनोऱ्यावर करकोच्यांची घरटी, आणि चौकाच्या कडेला घोड्यावर बसलेला पिझारो. १५३२ साली पेरूच्या राजाला पकडून त्याचं साम्राज्य बुडवणारा तो हाच. गावाला त्याचा अभिमान आहे. पेरूतल्या लोकांचं मत अर्थातच वेगळं पडतं. मी हा सगळा इतिहास सौ.ला सांगत होतो. तिनं पुतळ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "ह्याचा घोडा तरी जेवला असेल."

चौकाच्या मागच्या बोळात एक लहानसं हॉटेल सापडलं. सहा-सात टेबलं, कागदी आच्छादनं, भिंतीवर बैलाच्या झुंजीचं जुनं पोस्टर. दार उघडं होतं, पण मालकीणबाईंचा मुलगा फरशी पुसत होता. त्यानं दोन बोटं वर केली. मला वाटलं, दोन माणसं का, असं विचारतोय. मी आनंदानं मान डोलावली. त्यानंही डोलावली आणि दार लोटून घेतलं. त्याला म्हणायचं होतं, दोन वाजता.

आता स्पॅनिश माणूस इतक्या उशिरा का जेवतो, यावर आपल्याकडे 'आळशी लेकाचे' एवढं म्हणून मोकळं होण्याची पद्धत आहे. पण तसं नाही हं! १९४० साली फ्रँकोनं देशाचं घड्याळ एक तासानं पुढे सरकवलं आणि बर्लिनच्या वेळेला नेऊन लावलं. फ्रँको गेला, घड्याळ राहिलं. त्यात उन्हाळ्यात आणखी एक तास पुढे. त्यामुळे मे महिन्यात त्रुहियोत सूर्य डोक्यावर येतो तो घड्याळात सव्वादोन वाजून गेल्यावर. म्हणजे मंडळी आपल्या आजोबांसारखी बाराच्या ठोक्यालाच पानावर बसतात, फक्त ठोके दोन पडतात. हे मी सौ.ला सावलीत बसून समजावलं. ती म्हणाली, "पोटाला सांगा."

दोन वाजता आम्हांला मानानं आत घेण्यात आलं. फळ्यावर खडूनं 'मेनू देल दिया' लिहिलेलं. हा म्हणजे स्पेनचा राइसप्लेट. साठच्या दशकात सरकारनंच हॉटेलवाल्यांना असं ठरावीक दराचं जेवण ठेवायला लावलं, तेव्हापासून रुळलं. पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, शेवटचं गोड आणि पाणी नाहीतर वाइन, सगळं एका दरात. माणशी १४ युरो.

सौ. शाकाहारी. मी 'सिन कार्ने', म्हणजे 'मांसाशिवाय', हे दोन शब्द विमानातच पाठ केले होते. ते म्हटले. मुलगा "सी, सी" म्हणाला आणि सॅलड घेऊन आला. त्यावर ट्यूना मासा. मी पुन्हा म्हणालो, "सिन कार्ने!" तो दुखावल्यासारखा म्हणाला, हे मांस कुठे आहे, हा मासा आहे. नंतर फरसबीची भाजी आली, तिच्यात हॅमचे तुकडे. हे मांस नव्हे का? छे, चवीपुरतं आहे! मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्या कोकणातसुद्धा वांग्याच्या भाजीत मूठभर सुका जवळा पडला, तर ती भाजीच राहते.

तेवढ्यात आतून मालकीणबाई स्वतः आल्या. सत्तरीच्या पुढच्या, ठेंगण्या, कमरेला एप्रन. त्यांनी सौ.चं पान पाहिलं, मुलाला चार शब्द सुनावले, आणि सौ.चा हात धरून तिला सरळ स्वैपाकघरात घेऊन गेल्या. त्यांना मराठी येत नव्हतं, हिला स्पॅनिश येत नव्हतं. त्यामुळे बोलण्यात काही अडचण आली नाही. आतून लसणीचा आणि धुरकट मिरचीचा असा काही वास सुटला की मी नुसत्या वासावर अर्धा पाव संपवला.

आलं ते ताट म्हणजे 'मिगास'. कालचा शिळा पाव पाण्याचा हबका मारून भिजवायचा, कुस्करायचा आणि तेलात लसूण आणि 'पिमेंतोन' टाकून परतायचा. पिमेंतोन म्हणजे ओकच्या लाकडाच्या धुरावर वाळवलेल्या मिरचीची पूड. ह्याच भागाच्या उत्तरेला, ला वेराच्या खोऱ्यात ती होते. एरवी मिगासमध्ये डुकराचे तुकडे असतात, ते बाईंनी हिच्यासाठी वगळले होते. सौ.नं एक घास घेतला आणि डोळे मोठे केले. "अहो, हा आपला फोडणीचा पाव!"

मागे दालचिनी घातलेला, गार केलेला दूधभात, म्हणजे वेलदोड्याला मुकलेली तांदळाची खीर. खीर संपताक्षणी सौ.नं सवयीनं ताटल्या एकात एक रचायला घेतल्या. बाई तरातरा आल्या आणि त्यांनी तिच्या हातावर हलकी चापट मारली. ताटल्या उचलल्या, हिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं, आणि निघून गेल्या.

मग काहीच झालं नाही. बिल आलं नाही. तीन वाजले, साडेतीन वाजले. शेजारच्या टेबलावर आजोबांपासून नातवापर्यंत सात माणसं रिकाम्या टेबलाभोवती नुसती बोलत होती. आपल्याकडे खाणावळीत ताकाचा घोट घ्यायच्या आत पुढचं गिऱ्हाईक खुर्चीच्या पाठीला हात लावून उभं असतं आणि आपले घास मोजत असतं. इथं मागितल्याशिवाय बिल आणणं म्हणजे पाहुण्याला हाकलणं! जेवण झाल्यावर टेबलाशी असं बसून राहण्याला त्यांच्या भाषेत खास शब्द आहे, 'सोब्रेमेसा'.

मी आपला मराठीत शब्द शोधू लागलो. जेवणानंतरचे आपले शब्द थोडे नाहीत. आचवणं, विडा, शतपावली, वामकुक्षी. एकाहून एक सुखाचे. पण नीट पाहिलं तर हे सगळे पुरुषांचे. बायकांच्या वाट्याला त्या वेळेसाठी एकच शब्द आलाय : आवराआवर.

हे मी बोलून दाखवलं नाही. पण सौ.च बोलू लागली. टेबलावरच्या पावाच्या चुऱ्याची बोटानं रांगोळी काढत म्हणाली, "मी आईला जेवताना कधी पाहिलंच नाही. वाढताना पाहिलंय, खरकटं काढताना पाहिलंय. ती जेवायची तेव्हा आम्ही झोपलेलो असायचो." थोडा वेळ थांबली. "शिळ्या भाकरीचा असाच कुस्करा करायची. आम्हांला वाटायचं, तिला आवडतो."

३६ वर्षांच्या संसारात सासूबाईंबद्दल मी पुष्कळ ऐकलं होतं. त्यांची शिस्त, त्यांचा हात, त्यांचं लोणचं. हे ऐकलं नव्हतं. ऐकणार कसं? अशा गोष्टी जेवण झाल्यावरच आठवतात, आणि त्या वेळी आमच्या घरी एकजण ओट्याशी असते आणि दुसरा डाव्या कुशीवर.

मग तिनं बरंच काही सांगितलं. ते इथं लिहिण्यासारखं नाही, म्हणजे छापण्याइतकं मोठं नाही. मध्येच हसली, मध्येच पदरानं डोळे टिपले. मुलगा दोनदा येऊन पाण्याचा जग भरून गेला, बिलाचं नाव काढलं नाही.

साडेचारला शेवटी मीच हवेत बोटानं सही करून दाखवली. २८ युरोंचा कागद आला, आणि त्याच्याबरोबर दोन इवलेसे ग्लास, गोड मद्याचे, 'घरातर्फे'. हा त्यांचा विडा. सौ.नं वास घेऊन दोन्ही माझ्याकडे सरकवले. ते संपवून मी पिशवी उचलली, छत्री घेतली आणि म्हणालो, "चला, निघू या. किल्ला बघायचा राहिलाय."

ती खुर्चीत आणखी थोडी मागे रेलली.

"बसा हो जरा. मागे कुणी उभं आहे का?"