चौकटी आणि बाण

दारात आली की ती आधी माणसं मोजते. घरात राहतात किती, काल रात्री इथे झोपलं कोण, त्यांतली सहा वर्षांखालची किती. अंगावर उभ्याआडव्या रेघा, रेघेशेजारी चौकट, चौकटीत जेमतेम एक आकडा मावेल एवढी जागा. काही प्रश्नांच्या उजव्या कडेला बाण असतो. उत्तर ‘नाही’ आलं तर मधले प्रश्न सोडून पुढच्या भागावर जायची ती खूण. पूर्वी ती कागदाची होती, प्रगणकाच्या पिशवीत कोपरे दुमडून यायची. आता टॅबमध्ये राहते. बाण दिसत नाहीत, पण उड्या त्याच मारते.

मुलांना कोण सांभाळतं, सांभाळणारं आणखी कुणी हवं आहे का आणि जे मिळतं ते धड आहे का, हे विचारत फिरणारी ही प्रश्नावली. सरकारी फॉर्म दिसतोय, असं म्हणून लोक तिला दारातूनच कटवतात. मला मात्र ती फार महत्त्वाची पाहुणी वाटते. वस्तीत पाळणाघर निघणार की नाही, निघालं तर किती वाजता उघडणार, हे ठरवायला बसणाऱ्यांच्या हातात शेवटी तिने आणलेले आकडेच असतात. तिने जे विचारलंच नाही, ती गरज सरकारदरबारी जन्मालाच येत नाही.

स्वभावाने ती हट्टी. दादरच्या फ्लॅटमध्ये आणि धडगावच्या पाड्यावर तिला एकच प्रश्न एकाच तऱ्हेने विचारायचा असतो. प्रशिक्षणात प्रगणकांना पहिली ताकीद हीच मिळते: लिहिलंय तसं वाचा, स्वतःच्या शब्दांत सांगू नका. ‘बाई, बाळाला एकटं तर नाही ना ठेवत?’ असं कुणी मायेने विचारलं की उत्तर ठरलेलंच, ‘छे, एकटं कोण ठेवेल!’ दोन घरांत दोन तऱ्हांनी विचारलं, तर फरक घरांतला की विचारण्यातला, ते मग कुणालाच सांगता येत नाही. पाड्यावर पावरी बोलीत बोलायचं तर भाषांतर आधी पक्कं करावं लागतं. दुसऱ्या कुणाकडून ते परत मराठीत आणून मूळ प्रश्नाशी ताडून बघतात, चारदोन घरांत विचारून पाहतात, आणि मगच तिला गावात पाठवतात.

तिच्या एका जुन्या खोडीने मात्र फार नुकसान केलं आहे. ती बाईला विचारते, ‘तुम्ही काम करता का?’ सोलापुरात घरी बसून दिवसाकाठी शेकड्यांनी विड्या वळणारी बाई सांगते, ‘नाही हो, घरीच असते.’ तिला खोटं बोलायचं नसतं. कामाला जाणं म्हणजे उंबरा ओलांडून जाणं; मांडीवर सूप घेऊन पानं कातरणं हे तिच्या लेखी घरातलंच. प्रश्नावली ‘नाही’च्या चौकटीत खूण करते आणि बाणाबरोबर उडी मारून ‘काम करताना मूल कुठे असतं’ हा आख्खा भाग ओलांडून जाते. तंबाखूच्या भुकटीत रांगणारं बाळ समोर असतं, पण त्याची नोंद कुठेच होत नाही.

चांगली प्रश्नावली हे असं विचारतच नाही. ती एकेका कामाचं नाव घेते: काल विड्या वळल्यात? शिवण केलंत? गोठ्यातलं आवरलंत? दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलात? डबे करून दिलेत? प्रश्न वाढतात, मुलाखत लांबते, खर्च वाढतो, आणि मग कचेरीत प्रश्न कापायची बैठक बसते. काही कापायचंच असेल तर घरातल्या पंख्या-फ्रिजचे रकाने कमी करा, या यादीला हात लावू नका, असं माझं ठाम मत आहे.

मागणी मोजताना तिची खरी परीक्षा असते. ‘तुम्हाला पाळणाघराची गरज वाटते का?’ कागदावर प्रश्न अगदी सरळ दिसतो, पण हाती काही लागत नाही. जिने पाळणाघर कधी पाहिलं नाही, तिने हो म्हणायचं ते कशाला? किती लांब, किती पैशांत, कुणाच्या हाती लेकरू द्यायचं, काहीच समोर नसतं. त्यात शेजारी सासूबाई बसलेल्या. त्यांच्या देखत ‘हो’ म्हणणं म्हणजे ‘तुमच्याच्यानं होत नाही’ असं तोंडावर सांगणं. सून ‘नाही’ म्हणते. सासूबाईंचे गुडघे दुखतात, नातवामागे धावताना त्यांना धाप लागते, हे दोघींनाही ठाऊक असतं. अहवालात येतं: मागणी अल्प.

यावरची तोड म्हणजे मत विचारायचं सोडून घडलेलं विचारणं. युनिसेफच्या मदतीने 1990च्या दशकाच्या मध्यापासून देशोदेशी घरोघरच्या मोठ्या पाहण्या होत आल्या आहेत. त्यांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांच्या प्रश्नावलीत एक प्रश्न आहे. या सगळ्या कुळातला सर्वांत शहाणा प्रश्न मी त्यालाच म्हणेन. आधी प्रगणक सांगतो की मोठ्या माणसांना बाजारहाट, कपडे धुणं अशा कामांसाठी कधी कधी बाहेर पडावं लागतं आणि लहान मुलांना मागे ठेवावं लागतं. मग विचारतो: गेल्या आठवड्यात किती दिवस हे मूल तासाभराहून जास्त वेळ एकटं होतं? आणि किती दिवस ते दुसऱ्या मुलाच्या, म्हणजे दहा वर्षांखालच्या कुणाच्या तरी, भरवशावर होतं? उत्तराला एकेक चौकट. एकही दिवस नसेल तर 0, माहीत नसेल तर 8.

यातलं पहिलं वाक्य पुन्हा वाचून बघा. त्यात कुणाकडे बोट दाखवलेलं नाही. असं सगळ्यांच्याच घरी होतं, हे प्रश्नावली स्वतःहून मान्य करते, आणि मग आईला खरं सांगायला जड जात नाही. ‘तासाभराहून जास्त’ म्हटल्याने पाण्याची कळशी आणायला गेलेली दहा मिनिटं त्यात येत नाहीत. ‘गेल्या आठवड्यात’ म्हटल्याने आठवण ताजी राहते. आणि ‘दहा वर्षांखालच्या’ या अटीमुळे भावाला कडेवर घेऊन शाळा बुडवणारी आठ वर्षांची ताई कागदावर येते. ‘मूल कुणाजवळ असतं?’ या साध्या प्रश्नाला ‘घरच्यांजवळ’ हे उत्तर पुरेसं धरलं जायचं. घरच्यांतलं ते माणूस स्वतःच लेकरू आहे, हे त्यात बुडून जायचं.

प्रश्नावलीची एक चुलत बहीण आहे, रोजनिशी. पहाटे चार ते दुसऱ्या पहाटे चारपर्यंतचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे कप्पे घेऊन ती बसते आणि म्हणते, सांगा, या वेळात काय केलंत. 2019 साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभरातल्या 1,38,799 घरांत अशी वेळवापर पाहणी केली. सहा वर्षं आणि त्यापुढच्या वयाच्या बायका-मुलींपैकी 27.6 टक्के जणींनी दिवसभरात घरातल्या कुणाची तरी बिनपगारी देखभाल केलेली आढळली, सरासरी 134 मिनिटं. पुरुष-मुलग्यांत हेच प्रमाण 14 टक्के, वेळ 76 मिनिटं. तफावत बोलकी आहे, पण 134 मिनिटं हा आकडा कुठल्याही तान्ह्या बाळाच्या आईला सांगून बघा. भाकरी थापताना, धुणं पिळताना, दारात आलेल्या माणसाशी बोलताना तिचा एक कान बाळाकडेच असतो. रोजनिशीत एका कप्प्यात तीन कामांपर्यंत लिहायची सोय होती. नुसतं मुलावर लक्ष ठेवण्यालाही आंतरराष्ट्रीय वर्गवारीत स्वतंत्र क्रमांक आहे, 416. पण बाई ते सांगत नाही, कारण लक्ष ठेवण्याला आपल्यात कुणी काम म्हणत नाही. प्रत्येक कप्प्याला ‘तेव्हा बाळ कुठे होतं?’ एवढा एक उपप्रश्न जोडला तर आकडे किती बदलतील, याची मला उत्सुकता आहे आणि खात्रीही.

पुरवठा मोजायला निघाली की प्रश्नावली यादी मागते. अंगणवाड्यांची यादी मिळते. तीसहून जास्त स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर हवं, असं 1948 चा कारखाने कायदा सांगत असे. पन्नास किंवा जास्त कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांत ते हवं, असं 2017 मध्ये मातृत्व लाभ कायद्यात आलं. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची, असा नियम झाला. कागदावर पुरवठा भरपूर. ‘सोय आहे का?’ असं विचारलं तर ‘आहे’ म्हणतील. विचारायला हवं ते असं: उघडतं कधी, बंद कधी होतं, आणि त्या वेळी आई कुठे असते? दुपारी कुलूप लागणारी अंगणवाडी संध्याकाळी सहाला घरी येणाऱ्या आईच्या उपयोगाची किती, हे ‘आहे’मधून कळत नाही.

आणि डोंबिवलीतल्या काकूंचं काय? बाहेरच्या खोलीत चार मुलं, एक सतरंजी, खेळण्यांची टोपली. आईबाबा सकाळची लोकल पकडायच्या आधी मूल सोडून जातात, रात्री उचलतात. दारावर पाटी नाही, कुठे नोंद नाही. मध्यमवर्गीय महाराष्ट्रातल्या कितीतरी नोकऱ्या अशा काकूंच्या जिवावर झाल्या, आणि त्या एकाही यादीत नाहीत.

त्यांना शोधायची रीत 2012 साली अमेरिकेतल्या, लहान मुलांच्या सांभाळाबद्दलच्या राष्ट्रीय पाहणीने दाखवली. शिकागो विद्यापीठातल्या नॉर्क या संस्थेने ती केली; 1990 नंतर तिकडे एवढा पसारा पहिल्यांदाच मांडला गेला. चार प्रश्नावल्या एकदम निघाल्या: घरांसाठी, केंद्रांसाठी, केंद्रांतल्या शिक्षिकांसाठी आणि स्वतःच्या घरात मुलं सांभाळणाऱ्यांसाठी. घरांची निवड जिथे झाली, त्याच परिसरातली केंद्रं घेतली, म्हणजे मागणी आणि पुरवठा एकाच नकाशावर आला. आईवडिलांच्या कामाच्या तासांचं आणि मुलाच्या ठावठिकाण्याचं आठवड्याचं वेळापत्रक शेजारी शेजारी भरून घेतलं. आणि कुठल्याच यादीत नसलेल्या सांभाळणाऱ्या घरोघर दार ठोठावतानाच सापडल्या. तेव्हा यादी मिळत नसेल, तर आईला विचारावं. काकूंचा पत्ता तिला ठाऊक असतो.

दर्जाच्या बाबतीत प्रश्नावलीचं तोंडच बंद करावं लागतं. ‘इथे मुलांशी प्रेमाने वागतात का?’ याला ‘नाही’ कोण म्हणणार? तिथे बघणारी हवी. थेल्मा हार्म्स आणि रिचर्ड क्लिफर्ड यांनी 1980 मध्ये बालवर्गाच्या वातावरणाची 1 ते 7 गुणांची मोजपट्टी प्रसिद्ध केली. निरीक्षकाने कोपऱ्यात तासन् तास बसायचं आणि जे दिसेल त्याला गुण द्यायचे. शी-शूनंतर हात धुतले का, खेळणी मुलांच्या हाताला लागतील अशी ठेवलीत की कपाटावर, रडणाऱ्याला कुणी उचललं का. तिच्या धर्तीवर आपल्याकडेही काम झालं, तामिळनाडूसाठी एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानाने स्वतंत्र मोजपट्टी केली. तसं करणं भागच होतं. जिथे वीस मुलांत एक खोली आणि एक हंडा पाणी, तिथे परदेशी पट्टी लावली की सगळेच तळाला जातात, आणि पाणी अंगणातल्या बादलीत का होईना झाकून ठेवणारी सेविका आणि न ठेवणारी सेविका यांतला फरक दिसत नाही.

प्रश्नावलीची सर्वांत मोठी चूक वेळेची आणि जागेची. दिवाळीच्या सुमारास बीडकडची जोडपी ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. जानेवारीत प्रश्नावली त्यांच्या गावी पोचली तर दाराला कुलूप, नाहीतर आत म्हातारी. कारखान्याकडे यादी असते ती कोयत्यांची. कोयता म्हणजे जोडपं, त्यात लेकरू धरत नाहीत. ते लेकरू त्या वेळी फडाच्या कडेला साडीच्या झोळीत असतं, जवळ बहीण, शेजारून उसाने भरलेले ट्रॅक्टर जातायेत. म्हणून या मुलांची पाहणी हंगामातच, फडावर, मजुरांच्या झोपड्यांच्या म्हणजे कोप्यांच्या रांगेने जाऊनच व्हायला हवी. पहाटे अंधारातच तोड सुरू होते, दिवसभर बाईला सवड नसते. बोलायचं तर संध्याकाळी, चूल पेटल्यावर. यासाठी जादा भत्ता लागेल, तो द्यावा.

एक माणूस मात्र प्रश्नावलीला दारातून परत पाठवू शकत नाही: अंगणवाडी सेविका. ती स्वतःच गावभर फिरून घरांची नोंद ठेवते, रजिस्टरं भरते, 2021 पासून मोबाइलवर पोषण ट्रॅकरही भरते. सांभाळ मोजायचं काम सांभाळणारीच्याच वेळेतून जातं. तिच्यासाठी प्रश्नावली करायला बसलेल्यांनी पगाराच्या आणि प्रशिक्षणाच्या प्रश्नांनंतर आणखी एक प्रश्न जरूर घालावा: काल अंगणवाडी उघडी असताना नोंदी भरण्यात किती मिनिटं गेली, आणि तेवढा वेळ मुलांजवळ कोण होतं? ‘मदतनीस’ला एक कोड द्या, ‘दुसरी मुलं’ला एक, ‘कुणीच नाही’लाही एक द्या, आणि या प्रश्नाला बाण ठेवू नका.