अम्मीसोबत कास पठारावर

अब्बांच्या इंतकालानंतरची इद्दत ऑगस्टमध्ये संपली, तरी अम्मी कात्रजच्या घराबाहेर पडेना. सप्टेंबरात कासचे ऑनलाइन पास काढले. "इतक्यात सहल?" शेजारच्या खाला म्हणाल्याच. शरीअतने चार महिने दहा दिवस सांगितले. पुढचे लोक वाढवतात. फज्र पढून निघालो. बोगदा, खंबाटकी घाट, सातारा. तिथून कास पंचवीस किलोमीटर.

पठार म्हणजे नुसता कातळ, वर मातीचा पातळ थर. त्यावर साडेआठशेंहून अधिक जातींच्या सपुष्प वनस्पती! 2012 साली पश्चिम घाटाबरोबर युनेस्कोच्या वारसा यादीत कासही आलं. गुलाबी तेरडा दूरवर पसरला होता. वाटाड्याने नखाएवढी जांभळट फुलं दाखवली, 'सीतेची आसवं'. मातीत पोषण कमी, म्हणून ही वनस्पती बारीक पिशव्यांत इवले जीव पकडून जगते.

अम्मी गुडघे धरत खाली बसली. बराच वेळ बघत राहिली.

"नाव आसवं, पण पोटाची सोय बघ कशी केलीय!" म्हणाली आणि हसली.

तलावाजवळ जुहर पढलो. डबा तिनेच वाढला. टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, हे ऐकून म्हणाली, "तोवर मुन्नी दहावीला जाईल. तिलाही आणू."