साचा तोच

बाहुलीचं डोकं धातूच्या साच्यात पातळ व्हिनाइल ओतून, तो तापवत आणि फिरवत घडवतात. नवा साचा कोरायचा म्हणजे पैसा आला, वेळ आला. रंगाचं काय, मिश्रणात कालवला की झालं. फॅशन डॉलच्या दुनियेत वर्ण कसकसा शिरला, ते या हिशेबातून पाहावं.

१९६७ साली मॅटेल कंपनीनं बार्बीच्या नात्यातल्या बहिणीचा, फ्रान्सीचा साचा घेतला आणि त्यात तपकिरी व्हिनाइल ओतलं. नाक तेच, जिवणी तीच. नाव ‘कलर्ड फ्रान्सी’. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं गोऱ्या-काळ्यांच्या विवाहांवरची बंदी रद्द केली होती. अशात बार्बीला सावळी बहीण! ती फारशी खपली नाही. पुढच्या वर्षी क्रिस्टी आली, पण मैत्रीण म्हणून. मैत्रिणीचं कूळ कोण विचारतो?

एकच चेहरा, दोन रंग ही युक्ती त्याआधी वेगळ्याच कामी आली होती. केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं १९४०च्या दशकात काळ्या मुलांपुढे फक्त रंगानं वेगळ्या बाहुल्या ठेवल्या आणि विचारलं, यातली चांगली कुठली? अनेकांनी गोरी उचलली. मग, तुझ्यासारखी कुठली? यावर काही मुलं रडली. शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४च्या निकालात या संशोधनाचा आधार आहे. तिथं साचा एक असणं गरजेचंच होतं. कारखान्याला तशी गरज नव्हती.

काळ्या बाहुलीला खुद्द ‘बार्बी’ हे नाव मिळायला १९८० उजाडलं. मॅटेलच्या डिझायनर किटी ब्लॅक पर्किन्स यांनी तिला लालभडक पोशाख दिला आणि आखूड, दाट कुरळे केस. चेहऱ्यासाठी मात्र कंपनीचा जुनाच, स्टेफी नावाच्या बाहुलीचा साचा निघाला. तरी मला त्या केसांचं अप्रूप वाटतं. लांबसडक केस विंचरण्यातच जिथं निम्मा खेळ, तिथं असे केस देणं हे धाडसच. २००९मध्ये मॅटेलच्याच डिझायनर स्टेसी मॅकब्राइड-अर्बी यांच्या ‘सो इन स्टाइल’ बाहुल्यांना रुंद नाक, भरलेले ओठ लाभले.

२०१६ साली बार्बीच्या सात वर्णछटा जाहीर झाल्या, सोबत चार बांध्यांची शरीरं. म्हणजे शरीरांचेही नवे साचे! हा खर्च एकदम कसा परवडला? त्याआधी काही वर्षं बार्बीचा खप सलग घसरत होता.