पर्वत पाहून समुद्र निवडावा

ज्या पर्वतावर देवांची वस्ती आहे असें एका प्राचीन राष्ट्रानें मानलें, त्याच्या पायथ्याशीं उभे राहून नातवास कोठें पोहूं द्यावें याचा विचार करण्याची पाळी आमच्यावर येईल, असें आमच्या स्वप्नींही नव्हतें. परंतु गेल्या वर्षीं जून महिन्यांत तसें घडलें खरें. आमची कन्या व जावई नोकरीनिमित्त जर्मनींत असतात. सुटींत त्यांनीं आम्हां उभयतांस ग्रीस देशांत नेलें, व लितोखोरो नांवाच्या गांवीं आठ दिवस बिऱ्हाड केलें.

गांवाच्या पाठीशीं ऑलिंपस पर्वत भिंतीसारखा उभा आहे. त्याच्या सर्वोच्च शिखराची, मितिकासची, उंची २९१८ मीटर. आणि तेथून समुद्र सुमारें १८ किलोमीटरांवर! १९१३ सालच्या ऑगस्टांत याच गांवच्या क्रिस्तोस काकालोसनें दोघां स्विस प्रवाशांसह तें शिखर प्रथम गांठलें. ग्रीकांचा देवराज झ्यूस तो येथलाच. त्याचें नांव व वेदांतील 'द्यौः' हीं एकाच मूळ शब्दाचीं रूपें, असें आम्ही तीस वर्षें वर्गांत सांगत आलों. दहा वर्षांच्या नातवास मात्र द्यौःशीं कांहींच कर्तव्य नव्हतें. "आजोबा, पोहायला कधीं जायचें?" हा त्याचा एकच घोष.

येथें एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं आम्ही शाळेची सहल घेऊन कोंकणांतील एका किनाऱ्यावर गेलों होतों. लाटा मोठ्या होत्या. पण मध्येंच एका पट्ट्यांत लाट फुटतच नव्हती, पाणी तळ्यासारखें दिसत होतें. आम्हींच मुलांस म्हटलें, "तेथें शांत आहे, तेथें उतरा." तोच पट्टा घातकी होता. लाटांनीं किनाऱ्यावर लोटलेलें पाणी अशाच अरुंद वाटेनें वेगानें माघारें जातें, आणि म्हणूनच तेथें लाट फुटत नाहीं. नववींतील एक मुलगा, वर्गांतला पटाईत पोहणारा, बघतां बघतां आंत ओढला गेला. किनाऱ्याकडे तोंड करून तो हात मारी, व मागेंच जाई. अखेर एका कोळ्यानें होडी घालून त्यास काढलें. अशा ओढीशीं झुंजूं नये, किनाऱ्यास समांतर पोहून बाजूस व्हावें, हें त्या कोळ्यानें आम्हांस त्या दिवशीं शिकविलें. मुलगा वांचला. परंतु त्याच्या आईपुढें उभे राहून, "आम्हींच त्यास तेथें उतरावयास सांगितलें," हे शब्द उच्चारतांना आमची मान जी खालीं गेली, ती अद्याप पुरती वर आलेली नाहीं.

म्हणून लितोखोरोस पहिल्या दिवशीं आम्हीं कोणासच पाण्यांत उतरूं दिलें नाहीं. कन्या म्हणाली, "बाबा, अहो, येथें कोंकणासारखी भरतीओहोटी नाहीं." आम्हीं म्हटलें, "नसो. पर्वत तर आहे!" ती हसली. पण आमचें म्हणणें वावगें नव्हतें. डोंगरावर जें होतें तें अखेर खालीं किनाऱ्यावर येतें. ऑलिंपसवर उन्हाळ्यांतही दुपारीं मेघगर्जना होऊन पाऊस पडतो, आणि खालीं पोहणारांच्या डोक्यावर ऊन असतें. जोराच्या पावसानंतर नदीनाले वाटेंतली सारी घाण समुद्रांत आणतात. म्हणून एकदोन दिवस मुखाजवळ पोहणें टाळावें. नातवास नेमकी गर्दी नसलेली ओढ्याच्या मुखाचीच जागा हवी होती! जवळचा प्लाका किनारा बराचसा गोट्यांचा, पाणी काचेसारखें. परंतु गोट्यांचा उतार बहुधा उभा असतो, चार पावलांत तळ सुटतो. याउलट उत्तरेस कातेरिनीजवळचा पारालिया किनारा वाळूचा व उथळ. मुलासाठीं आम्हीं तोच पसंत केला.

पाणी निर्मळ दिसलें म्हणजे शुद्ध असतेंच असें नव्हे. युरोपांत हंगामभर पाण्याचे नमुने तपासून, त्यांतील आंतड्यांच्या जंतूंच्या प्रमाणावरून चार प्रती ठरवितात. १९८५ सालीं फ्रान्समध्यें सुरू झालेला 'निळा ध्वज' मिळण्यास पाणी सर्वोच्च प्रतीचें असावें लागतें. आपल्या देशांतही २०२० सालीं पुरीसह आठ किनाऱ्यांस तो प्रथम मिळाला. तथापि स्वच्छता ही एक गोष्ट व सुरक्षितता ही दुसरी. पहिलीचा निकाल फलकावर वाचतां येतो. दुसरीचा निकाल रोज आपल्या डोळ्यांनींच लावावा लागतो.

याचें प्रत्यंतर चौथ्या दिवशीं आलें. दुपारीं डोंगराकडून वारा सुटला. जमिनीकडून वारा वाहूं लागला कीं किनाऱ्यालगत लाट मोडते, पाणी गुळगुळीत होतें. तेंच तळ्यासारखें रूप! नातवाचें हवा भरलेलें रबरी कडें हातांतून सुटून आंत वाहत चाललें. तो त्यामागें झेपावणार, तोंच आम्ही वर्गांतल्या जुन्या आवाजांत ओरडलों, "थांब!" तो कमरेइतक्या पाण्यांत थबकला. कडें दहा मिनिटांत ठिपक्याएवढें झालें, व मग दिसेनासें झालें. कन्या कांहीं बोलली नाहीं. तिनें मुलाचा हात तेवढा धरून ठेवला.

नातू रात्रीं जेवतांना रुसून होता. मग आम्हीं त्यास कोंकणांतली हकीकत सांगितली, आपल्या चुकीसकट. त्यानें विचारलें, "त्या मुलाचें पुढें काय झालें?" आम्हीं म्हटलें, "दर दिवाळीस त्याचें पत्र येतें. त्यांत त्या दिवसाचा उल्लेख कधींच नसतो."

दुसऱ्या दिवशीं किनाऱ्यावर पोंचतांच नातवानें कपडे काढले, पण तो पाण्याकडे धांवला नाहीं. प्रथम डोंगराकडे पाहिलें, मग ध्वजाकडे, मग जीवरक्षकाजवळ जाऊन आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजींत वाऱ्याची चौकशी केली. परत येऊन तो म्हणाला, "आजोबा, आज चालेल." आम्हींही एकवार डोंगराकडे पाहिलें, व त्याच्यामागून पाण्यांत उतरलों.