घासाची जबरदस्ती नको

आजाऱ्याच्या भेटीला रिकाम्या हाताने जाऊ नये, ही आपल्या घराघरांतली रीत. कुणी यखनी आणतो, कुणी खजूर, कुणी जमजम. रीत चांगलीच आहे. पण कॅन्सर शेवटच्या टप्प्यात गेलेल्या माणसाला आग्रहाने भरवलेला घास त्रासाचा ठरू शकतो. आमच्या घरात हे जवळून पाहिले, म्हणून चार गोष्टी लिहीत आहोत.

आमच्या सासूबाईंचा, म्हणजे अम्मींचा, जठराचा कॅन्सर यकृतापर्यंत पसरला होता. डॉक्टरांनी केमोथेरपी थांबवून पॅलिएटिव्ह केअर सुचवली. आजार बरा होणार नसला तरी वेदना, उलटी, दम लागणे यांवर इलाज करणारी ही सेवा. भारतातले असे पहिले हॉस्पिस, शांती आवेदना सदन, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झाले. आता काही ठिकाणी ही सेवा घरी येऊनही दिली जाते. आमच्याकडे आठवड्यातून एकदा नर्स येत असे.

अम्मी जेवत नाहीत म्हटल्यावर तिने आधी त्यांचे तोंड तपासले. जिभेवर बुरशीचा पांढरा थर होता. त्यावर औषध सुरू झाले. मॉर्फिनमुळे पोट साफ होत नव्हते, त्यासाठी रोजचे औषध दिले. उलटीची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी ठरली. म्हणजे भूक का गेली, हे आधी शोधायचे. इलाज होण्यासारखे असेल तर करायचे. भरलेले ताट पाहूनच अम्मींना मळमळत असे. मग लहान वाटीत, दर दोन तासांनी, कोमट किंवा गार असे काहीतरी देऊ लागलो. फोडणीच्या वासाने त्रास व्हायचा. दही, फिरनी, मऊ खिमट चालत असे. जवाच्या पिठाची पातळ तल्बिनाही त्या आवडीने घेत. हजरत आयशा (रजि.) आजाऱ्याला तल्बिना द्यायला सांगत, हे बुखारी शरीफमध्ये आले आहे.

रमजान आला तेव्हा अम्मींनी रोजा धरण्याचा हट्ट केला. मशिदीच्या इमामसाहेबांनी येऊन समजावले की आजाऱ्याला कुरआननेच सवलत दिली आहे, आणि बरे होण्याची आशा नसेल तर प्रत्येक रोजाबद्दल एका गरिबाला जेवण द्यावे, हा फिदिया. अम्मींनी स्वतःच्या पेन्शनमधून तो दिला. त्या दिवशी त्या समाधानाने झोपल्या.

ईदनंतर मात्र त्या दोन चमच्यांवर आल्या. नातेवाईक कुजबुजू लागले की सून उपाशी ठेवते. सौदीहून आलेल्या मोठ्या दिरांनी सलाईनचा आग्रह धरला. आईसाठी जीव तुटत होता त्यांचा. नर्सने त्यांना शेजारी बसवून सांगितले, “भाईजान, खाणे कमी झाल्यामुळे त्या जात नाहीयेत. आजार इतका वाढला आहे की शरीर अन्न वापरूच शकत नाही. आता सलाईनचे पाणीही झेपणार नाही. पाय सुजतील, छातीत घरघर वाढेल.” तिरमिजी आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांत एक हदीस आहे. रुग्णावर खाण्यापिण्याची बळजबरी करू नये, त्याचे पोषण अल्लाहकडे आहे, असा तिचा आशय. आम्ही ती दिरांना दाखवली. ते बराच वेळ गप्प बसले. मग अम्मींकडे गेले आणि विचारले, “अम्मी, काय हवंय?” त्या म्हणाल्या, “बर्फ.”

पुढचे दिवस बर्फाचा चुरा, ओल्या कापसाने तोंड पुसणे, ओठांना व्हॅसलीन एवढेच होते. भरवण्याचा वेळ मोकळा झाला, तो पाय चेपण्यात, यासीन वाचण्यात, जुन्या गोष्टी ऐकण्यात गेला. दीर सुट्टी संपेपर्यंत रात्री त्यांच्या उशाशीच बसत.

तेव्हा अशा आजाऱ्याला भेटायला जाल तर आधी त्याला विचारा. नको म्हणाला तर वाटी बाजूला ठेवा आणि त्याचा हात हातात घ्या. आणलेला डबा खिदमत करणाऱ्यांना द्या. त्यांच्या जेवणाकडे सहसा कुणाचे लक्ष नसते. अल्लाह सर्व आजाऱ्यांना आराम देवो, आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना सब्र. आमीन.