रात्रीच्या गाडीवर बसलेल्या भावास

परभणी,
रविवार

चि. बाबूस,

परवा फोनवर तू म्हणालास, ‘ताई, महिनाभरात सवय होईल, मग काही वाटणार नाही.’ तू तेव्हा मानवतला जिनिंगमध्ये ट्रकवर कापसाच्या गाठी भरून घेत होतास, मागे हमालांचा गलका होता, म्हणून मी वाढवलं नाही. पण ते वाक्य मनातून जाईना. मी इतकी वर्षं वॉर्डात रात्रपाळी करते आहे. मला रात्रीची पुरती सवय झालेली नाही आणि माझ्याबरोबरच्या कुणाला झालेली मी पाहिली नाही. ती होईल या भरवशावर तू स्टिअरिंग धरू नयेस, एवढ्यासाठी लिहायला बसले. फोनवर तू ‘हो, हो’ म्हणून ठेवून देतोस. हे कागद कॅबिनमध्ये ठेव आणि गाडी खाली व्हायची वाट बघत बसशील तेव्हा सावकाश वाच.

शरीरात स्वतःचं घड्याळ असतं, बाबू, आणि उजेड ते जुळवत राहतो. पेशींमध्ये हे घड्याळ कसं चालतं ते शोधणाऱ्या हॉल, रोसबॅश आणि यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल मिळालं. तू रात्रभर जागलास तरी परतीच्या वाटेवर माजलगावजवळ उजाडलं, की शरीर पुन्हा दिवसाच्या वेळेवर येतं. म्हणून वर्षानुवर्षं रात्रीच राबणाऱ्यांमध्येही ज्यांचं शरीर पुरतं उलटलं आहे अशी माणसं फार थोडी. पहाटे दोनपासून सहापर्यंत अंगातली ऊब उतरते, हात जड होतात, नजर एका जागी खिळते. नव्या ड्रायव्हरचं तसं होतं आणि वीस वर्षं मुरलेल्या उस्तादाचंही. निर्धाराने भूक मारता येते, तशी झोप मारता येत नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, ती नीट ऐक. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखे चुकायला लागतात, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिलं. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. तू दारूला शिवत नाहीस, याचा आईला किती अभिमान आहे! पण सकाळी सहाला उठून तू कापसाला पाणी देतोस, दुपारी गाडी भरून घेतोस, ताडपत्री-दोर आवळतोस आणि रात्री अकराला पाथरी सोडतोस, तेव्हा तुझे सतरा तास तिथेच भरलेले असतात. पुढची सगळी रात्र त्यानंतरची.

म्हणून गाडी भरायच्या दिवशी शेतात जायचं नाही. पाणी मी दुसऱ्या कुणाला तरी द्यायला सांगते. दुपारी दोन-तीन तास झोपूनच निघायचं.

आता घरचं. मला खरी काळजी घरची आहे. आपण जनाबाईच्या गंगाखेडजवळची माणसं. आपली आजी पहाटे चारला जात्यावर बसायची, आई अजून तांबडं फुटायच्या आत उठते. आपल्याकडे उठणारा माणूस कामाचा आणि दिवसा पडून राहणारा आळशी, हे रक्तातच भिनलं आहे. तू सकाळी नऊला येऊन आडवा झालास की कुणी सातबाऱ्याचं विचारायला येतं, कुणी बँकेत सोबत चल म्हणतं, शेजारचे ‘बाबू घरी आहे म्हणे’ करत ओट्यावर बसतात. तुझी बायको बिचारी कुणाला नाही म्हणू शकत नाही. मी तिच्याशी आणि आईशी बोलले आहे. तुझी दिवसाची झोप ही पगारातलीच गोष्ट आहे, ती मोडली तर रात्रीचं काम मोडतं, हे आईला पटलं. लगेच नाही पटलं, पण पटलं.

पत्र्याच्या खोलीत झोपू नकोस. उन्हाळ्यात दहा वाजताच तो पत्रा तापतो, त्यात वीज गेली की संपलंच. जुन्या माळवदातली मधली खोली रिकामी करून घे. आपल्या बापजाद्यांनी मातीच्या जाड भिंती घातल्या, वर मातीचं धाबं केलं. ती खोली मे महिन्यातही गार असते आणि भरदुपारी तिथे दिव्याशिवाय दिसत नाही. रात्रपाळीच्या माणसाला याहून चांगली खोली शहरात पैसे मोजूनही मिळणार नाही. झरोक्यावर जुनी वाकळ टांग. मोबाइल बायकोकडे दे. सकाळी गाडी लावल्यावर घरी चालत येताना डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून घे, डोळ्यांवर ऊन कमी पडू दे.

रस्त्यावरचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी वॉर्डात पहाटे येणारे जखमी मी पाहते, म्हणून बोलते. मागचं गाव कधी गेलं ते आठवत नसेल, जांभईवर जांभई येत असेल, तर डोळे उघडे असूनही तू झोपायला लागला आहेस. ताशी साठच्या वेगात चार सेकंदांची डुलकी म्हणजे भरलेली गाडी पासष्ट-सत्तर मीटर आपल्या मनाने गेली. ऊस हंगामात तर पाथरी, गंगाखेडकडे मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या चालतात, त्या जाग्या माणसालाही ऐनवेळी दिसतात. खिडकी उघडून, गाणी मोठी लावून पाच-दहा मिनिटं जातात, त्याच्या पलीकडे काही होत नाही. पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात गाडी घे, रस्त्याच्या कडेला कधीही नको. कपभर चहा पी आणि वीस मिनिटांचा गजर लावून आडवा हो. चहाचा अंमल अर्ध्या तासाने चढतो, तोवर झोपही झालेली असते. उठल्याबरोबर गाडी काढू नकोस. एक फेरी मारून टायर बघ, दोर बघ, मग बस.

रात्री एकला ढाब्यावर भरल्या ताटावर बसू नकोस. भाकरी संध्याकाळी पोटभर खाऊन निघ. रात्री फुटाणे, शेंगदाणे, एखाददुसरं वसमतचं केळं पुरे. झोप उडवायच्या गोळ्या कुणी दिल्या तर हात लावू नकोस. आणि पुडी. गुटख्याला २०१२ पासून राज्यात बंदी आहे, पण टपरीवर तो कसा मिळतो ते तुलाही ठाऊक आहे. त्याने झोप थांबत नाही, तोंडाचं मात्र काय होतं ते मी रोज पाहते.

गाडीमालक शेठची घाई कुठून येते, याचाही विचार कर. मालाच्या ई-वे बिलाला दोनशे किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. न्हावाशेवा बंदरापर्यंत पाचशे किलोमीटरच्या आसपास अंतर धरलं तर सरकारी कागदच तुला तीन दिवस देतो. एका रात्रीत पोचायची सक्ती त्यात नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस ठरवले, पण तो पाच किंवा जास्त कामगार असणाऱ्या मालकांसाठी होता. आपल्या शेठच्या दोनच गाड्या. पूर्णा जंक्शनवर रेल्वेचे लोको पायलट तू पाहतोस ना? त्यांना झोपायला रनिंग रूम असते, आठ तासांची ड्युटी झाली की मुख्यालयी सोळा तास विश्रांतीचा नियम आहे. त्यांच्याही तक्रारी आहेत, पण मागायला कागद तरी आहे. रात्र तीच, झोप तीच, माल ओढणारा माणूस मात्र एक रुळावर आणि एक डांबरावर. तुझ्यासाठी असं काही कुणी पाळत नाही, याचा मला राग येतो. तेल कंपन्यांनी काही पंपांवर ड्रायव्हरांसाठी ‘अपना घर’ नावाने पलंग आणि अंघोळीची सोय केली आहे. त्याच्या ॲपवर तुझ्या मार्गात ती कुठे आहे ते बघ.

माझं शेठकडे एक मागणं आहे. दोन रात्री लागोपाठ झाल्या की तिसरी रात्र घरी. ट्रिप एखादी कमी होईल, पैसे कमी येतील. छोटीच्या शाळेच्या फीसाठी मी आहे. तुला तोंड उघडायचा संकोच वाटत असेल तर मी स्वतः जाऊन बोलेन, ते मला ताई म्हणतात, ऐकतील. पुढची गाडी कधी भरायची आहे ते आधी कळव. त्या दुपारी घरात पाहुणा येणार नाही, हे मी बघते. आणि येत्या रजेत माझ्याकडे येऊन साखर आणि डोळे तपासून घे. उपाशीपोटी ये, चहासुद्धा घेऊ नकोस.

तुझी,
ताई